इनकम्पॅटिबल टाइप्स: कास्ट घातली, एरर गेली, पैसे पण गेले

रविवारी सकाळी फोनवर फोटो येतो. स्क्रीनचा, तिरका, अर्ध्यावर ट्यूबलाइटची चमक. खाली लिहिलेलं असतं, "सर, ह्ये परत आलंय बगा." फोटोत लाल रेघ झकास दिसते. कम्पायलरनं, म्हणजे कोड तपासून मशीनला समजेल असा करणाऱ्या प्रोग्रॅमनं, काय म्हटलंय ती ओळ मात्र नेमकी कापलेली.

मी बेळगावात, टिळकवाडीत, संध्याकाळी डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या पोरांना जावा शिकवतो. खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडची पोरं. घरी मराठी, बसस्टँडवर कन्नड, पुस्तक इंग्रजी. त्यामुळं एरर ही वाचायची गोष्ट आहे हेच पुष्कळांच्या डोक्यात नसतं. लाल दिसलं की काहीतरी घालून बघायचं, पांढरं झालं की पुढं जायचं. या सवयीमुळं टाइपची, म्हणजे कुठल्या व्हेरिएबलमध्ये कुठल्या प्रकारची माहिती बसते त्याची, एकच एरर वर्षभर परत परत येते. जाते तेव्हा ती खरी गेलेली नसते, एवढंच.

खाली कोडचे शब्द आपण बोलतो तसेच देवनागरीत लिहिलेत. तुम्ही टाइप करताना इंट, डबल, लाँग वगैरे इंग्रजीतच टाइप करा, अंकही इंग्रजीच. नावं मात्र जावाला देवनागरीत चालतात. 'दर' नावाचं व्हेरिएबल खुशाल करा, कम्पायलर तक्रार करत नाही.

दुधाच्या हिशेबातली एक ओळ

खानापूर तालुक्यातला एक मुलगा. गावातल्या दूध संस्थेत त्याचे काका माप घेतात. त्यानं हौसेनं संस्थेसाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला: लिटर टाका, दर टाका, रक्कम घ्या, दहा दिवसांनी बिल काढा. लिटर डबल, म्हणजे दशांशाचा आकडा, कारण साडेसहा लिटर येतं. दर इंट, म्हणजे पूर्णांक, कारण चाचणीपुरता त्यानं ५२ रुपये धरला होता. रक्कमही इंट. आणि मग हे आलं:

दूध.जावा:१२: एरर: इनकम्पॅटिबल टाइप्स: पॉसिबल लॉसी कन्व्हर्जन फ्रॉम डबल टू इंट
इंट रक्कम = लिटर * दर;

खाली एक टोपीसारखं चिन्ह असतं, ते गुणाकाराच्या फुलीखाली होतं.

आता हे वाचू या, कारण एवढ्या ओळीत सगळं आहे. १२ म्हणजे ओळ क्रमांक. 'फ्रॉम' नंतर येतं ते उजवीकडून निघालेलं, 'टू' नंतर येतं ते डावीकडचं भांडं. उजवीकडून डबल निघालाय, डावीकडं इंट ठेवलाय. 'लॉसी' म्हणजे सांडणारं: ओतताना काहीतरी सांडेल, चालेल का, असं कम्पायलर विचारतोय. आणि टोपी फुलीखाली आहे म्हणजे भांडण लिटरचं नाही की दराचं नाही. गुणाकार होऊन जे आलं त्याचं आहे. डबल आणि इंट यांचा गुणाकार डबलच होतो.

मुलानं टोपी बघितली नाही. त्यानं कास्ट घातली, म्हणजे कंसात टाइप लिहून आकडा जबरदस्तीनं त्या टाइपात बसवला:

इंट रक्कम = (इंट) लिटर * दर;

एरर गेली. "कास्ट घातलो की सर, मग गेलं," असं मला नंतर सांगितलं. प्रोग्रॅम आठवडाभर चालला. मग एक आक्का चिठ्ठी घेऊन आल्या. त्यांचं दूध सकाळी साडेसहा लिटर. चिठ्ठीवर रक्कम ३१२.

"सा लिटराचंच पैसं घातल्यात की रे. वरचं अर्धं कुठं गेलं?"

आक्कांनी तोंडी हिशेब केला होता: साडेसहा गुणिले ५२, ३३८. आमच्या मशीननं २६ रुपये खाल्ले होते. कारण कंसातली कास्ट तिच्या लगेच पुढच्या गोष्टीलाच लागते, अख्ख्या गुणाकाराला नाही. आधी ६.५ चे ६ झाले, मग ६ गुणिले ५२. पूर्ण गुणाकाराला कंस घातला असता, म्हणजे (इंट) (लिटर * दर), तर ३३८ आलं असतं आणि चूक आणखी काही दिवस लपली असती. दर ५२.४० झाला त्या दिवशी ३४०.६० ऐवजी ३४० आलं असतं. ६० पैसे सकाळी, ६० पैसे संध्याकाळी, दहा दिवसांत १२ रुपये. एका घराचे.

कास्ट म्हणजे दुरुस्ती नाही. 'सांडेल' असं सांगणाऱ्याला 'सांडू दे' म्हणणं आहे. कधीकधी ते बरोबरही असतं, पण तेव्हा काय सांडणार हे तुम्हाला माहीत पाहिजे.

मग दुरुस्त कुठं करायचं

एरर १२व्या ओळीवर ओरडते. चूक बहुतेक वेळा त्याच्या वर, जिथं ते व्हेरिएबल जन्मलं तिथं असते. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच: हे भांडं असं का निवडलं? रक्कम इंट का? मुलाचं उत्तर प्रामाणिक होतं: "पुस्तकात तसंच होतं." पुस्तकातल्या उदाहरणात गुण मोजत होते, पैसे नव्हे.

बरं, मग रक्कम डबल करायची? एरर जाईल, आणि या वेळी बरीचशी खरी जाईल. पण डबल आतून दोनाच्या घातांत मोजतो. त्यात ०.१ नेमका बसतच नाही. जावाला ०.१ अधिक ०.२ विचारा, तो ०.३०००००००००००००००४ म्हणतो. एका चिठ्ठीवर हे दिसत नाही, वर्षअखेरीच्या ताळेबंदात पैशा-दोन पैशांचा फरक निघतो, आणि सहकारी संस्थेत पैशाचा फरक म्हणजे सभेत तासभर वाद.

पैशासाठी माझं मत पक्कं आहे: रुपये ठेवूच नका, पैसे ठेवा, लाँगमध्ये, म्हणजे इंटपेक्षा मोठ्या पूर्णांकात. दर ५२.४० म्हणजे ५२४० पैसे. लिटरसुद्धा दहाव्या भागात ठेवा, साडेसहा म्हणजे ६५. मग ६५ गुणिले ५२४०, भागिले १०, उत्तर ३४०६० पैसे. कुठंही डबल नाही, म्हणून सांडलंच तर शेवटच्या भागाकारात, एका पैशाच्या आतलं. भागाकार आधी करू नका, शेवटी करा. ६५ भागिले १० आधी केलंत तर इंटचा भागाकार ६ देतो, .५ गुपचूप टाकून देतो आणि कम्पायलर चकार शब्द काढत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं टाइप जुळलेले असतात. आक्का परत दारात.

इंट का नको, लाँगच का, हेही सांगतो. इंटची वरची मर्यादा २१४७४८३६४७. पैशांत धरली तर २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. बऱ्यापैकी दूध संस्थेची वर्षाची उलाढाल याच्या वर सहज जाते. आणि मर्यादा ओलांडली की जावा एरर देत नाही, आकडा उलटा फिरून ऋण होतो. इथं आणखी एक खड्डा आहे:

लाँग एकूण = दहावेलिटर * दरपैसे;

दोन्ही उजवीकडचे इंट असतील तर गुणाकार इंटमध्येच होतो, लाँगमध्ये नंतर ओतला जातो. ६५,००० लिटर म्हणजे ६५०००० दहावे भाग, गुणिले ५२४०, यायला हवं ३४०६००००००. येतं उणे ८८८९६७२९६. भांडं मोठं आणलंत, पण दूध आधीच सांडलेलं. उजवीकडचा एक तरी लाँग असला पाहिजे. आकडा थेट लिहीत असाल तर त्याच्या शेवटी एल लावा.

ज्यांना दशांशच हवे त्यांनी बिगडेसिमल हा जावाचा नेमक्या दशांशाचा टाइप वापरावा. पण त्याला ५२.४ हा डबल देऊ नका, अवतरणचिन्हात "५२.४" असं स्ट्रिंग म्हणजे मजकूर म्हणून द्या, नाहीतर डबलची खोट आत येतेच. आणि बिगडेसिमलला फुलीनं गुणलंत तर 'बॅड ऑपरंड टाइप्स फॉर बायनरी ऑपरेटर' अशी एरर येते. तिथं मल्टिप्लाय ही मेथड वापरायची. ही एरर पोरांना फार गोंधळात टाकते, कारण त्यांना वाटतं आकडाच तर आहे. कम्पायलरला तो ऑब्जेक्ट दिसतो, फुलीला ऑब्जेक्ट कळत नाहीत.

एरर न देता सांडणारी एक जागा

त्याच मुलानं पुढच्या आठवड्यात शोध लावला. 'रक्कम = रक्कम + लिटर * दर' लिहिलं की एरर येते, पण 'रक्कम += लिटर * दर' लिहिलं की येत नाही! त्याला वाटलं युक्ती सापडली. जावात अधिक-बरोबर हे चिन्ह आतल्या आत स्वतःच कास्ट घालतं. ३४०.६० मधले ६० पैसे तसेच सांडतात, फक्त आवाज न करता. जेडीके (जावाचा साधनसंच) २० मध्ये, म्हणजे २०२३ साली, याच्यासाठी एक इशारा आला. जावाक, म्हणजे जावाचा कम्पायलर, चालवताना 'एक्सलिंट' या इशाऱ्यांच्या सेटिंगला 'लॉसी-कन्व्हर्जन्स' हा पर्याय दिला की तो अशा ओळी दाखवतो. जुना जेडीके असेल तर नजरेवरच भिस्त. शोधताना डावीकडं इंट आणि उजवीकडं दशांश असलेली प्रत्येक अधिक-बरोबर संशयित धरा.

रोजच्या भेटीतल्या बाकीच्या

'पॉसिबल लॉसी कन्व्हर्जन फ्रॉम डबल टू फ्लोट': फ्लोटमध्ये, म्हणजे डबलच्या धाकट्या भावात, ६.८ टाकलंत. जावात साधा दशांश आकडा डबलच असतो. मागं एफ लावा, किंवा खरं सांगायचं तर फ्लोट सोडा आणि डबलच घ्या. फ्लोट घ्यायचं कारण सांगणारा विद्यार्थी मला अजून भेटायचाय.

'फ्रॉम लाँग टू इंट' आणि तुम्ही तर लाँग कुठं लिहिलाच नाही? मॅथ.राउंड बघा. त्याला डबल दिला की तो लाँग परत देतो, फ्लोट दिला की इंट. लाँगचं इंट करायचंच असेल तर कोरडी कास्ट नको, मॅथ.टूइंटएग्झॅक्ट वापरा. आकडा मावला नाही तर ते चालता प्रोग्रॅम थांबवतं, खोटा आकडा पुढं ढकलत नाही.

'इंट कॅनॉट बी कन्व्हर्टेड टू बूलियन': इफच्या कंसात दोन बरोबरऐवजी एकच बरोबर पडलंय. सीमधून आलेल्यांना हे होतं. सीमध्ये ते चालतं आणि रात्र खातं. इथं कम्पायलरनं वाचवलं, आभार माना.

'इंट कॅनॉट बी कन्व्हर्टेड टू लाँग', आणि लाँगचा एल मोठा असेल तर तो साधा लाँग नव्हे, पेटीतला, म्हणजे ऑब्जेक्टमध्ये गुंडाळलेला लाँग आहे. इंट आपोआप साध्या लाँगमध्ये जातो, आपोआप पेटीतल्या इंटिजरमध्येही जातो, पण एका उडीत पेटीतल्या लाँगमध्ये जात नाही. आकड्यामागं एल लावा.

'अनएक्स्पेक्टेड टाइप, रिक्वायर्ड: रेफरन्स, फाउंड: इंट': लिस्ट<इंट> लिहिलंय. लिस्टमध्ये पेटीतलेच टाइप बसतात, लिस्ट<इंटिजर> करा.

लिस्ट<स्ट्रिंग> ही लिस्ट<ऑब्जेक्ट> म्हणून द्यायला गेलात की मिळणारी एरर जरा थांबून समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक स्ट्रिंग हा ऑब्जेक्ट आहे, मग स्ट्रिंगांची लिस्ट ऑब्जेक्टांची लिस्ट का नाही? समजा दूध संस्थेत म्हशीच्या दुधाचा कॅन ठेवलाय आणि कुणीतरी त्यावर नुसतं 'दूध' अशी पट्टी लावली. पट्टी खोटी नाही. पण दुसरा माणूस येऊन, पट्टी वाचून, त्यात गाईचं दूध ओतेल, आणि फॅटचा हिशेब गेला. आतून फक्त वाचायचं असेल, ओतायचं नसेल, तर प्रश्नचिन्हाचा 'एक्स्टेंड्स' प्रकार वापरायचा. जनरिक्स, म्हणजे लिस्टपुढं असा कोनी कंसात टाइप लिहिण्याची सोय, जावात २००४ साली आले, तेव्हापासून हा प्रश्न दरवर्षी नव्या पोरांना नव्यानं पडतो.

'स्ट्रिंग कॅनॉट बी कन्व्हर्टेड टू इंट' यावर कास्ट घालून उपयोग नाही, तीच एरर परत येईल. इथं इंटिजर.पार्सइंट लागतो. आणि आपल्याकडच्यांसाठी एक मजेची गोष्ट: मराठी कीबोर्डवरून "१२" टाइप केलं तरी पार्सइंट ते बरोबर १२ वाचतो. कन्नड अंकही वाचतो. पण डबल.पार्सडबलला "६.५" देवनागरीत दिलंत तर तो चालता चालता नंबर फॉरमॅट एक्सेप्शन टाकतो. म्हणजे दर पूर्ण रुपयांत असताना प्रोग्रॅम चालतो आणि दशांश आला की कोसळतो. संस्थेच्या संगणकावर हे झालं तेव्हा आम्ही तासभर टाइपमध्ये शोधत होतो आणि दोष कीबोर्डमध्ये होता.

एरर नुसती सापडतच नाही तेव्हा

सगळ्यात वरची एरर आधी. जावाक एका दमात शंभरपर्यंत एरर दाखवतो, आणि वरची एक सुटली की खालच्या डझनभर पुष्कळदा आपोआप जातात. खालून सुरू करणारी पोरं अख्खा रविवार घालवतात.

लांबलचक ओळ असेल तर तोडा. प्रत्येक तुकड्याला वेगळं नाव द्या आणि टाइप स्वतः लिहा. जिथं तुमचा अंदाज आणि खरं निघालेलं वेगळं असेल तिथं आता एरर येऊन उभी राहील. हे करताना टाइपच्या जागी नुसतं व्हार लिहू नका. व्हार २०१८ साली जावा १० मध्ये आला, वाचायला छान आहे, पण तो कम्पायलरचा अंदाज निमूट मान्य करतो, आणि आपल्याला तर नेमका तो अंदाजच तपासायचाय.

आणि फोटो पाठवताना खालची ओळ कापू नका.

कम्पायलरला न दिसणारी भेसळ

आता ज्या प्रकारामुळं मी टाइप या गोष्टीकडं नव्यानं बघायला लागलो तो. निपाणीकडचा एक मुलगा. घरची जमीन काही निपाणी भागात, काही पलीकडं महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. सीमेवरच्या बऱ्याच घरांची अशीच. त्यानं सगळ्या तुकड्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहिला. इकडच्या पहाणीवर, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यावर, क्षेत्र एकर-गुंठ्यात, तिकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. त्यानं सगळं डबलमध्ये टाकलं.

एक तुकडा २ एकर २० गुंठे, लिहिला २.२०. दुसरा १ एकर ३० गुंठे, लिहिला १.३०. बेरीज ३.५०. "बरोबर हाय की सर, साडेतीन एकर." घरी वडिलांनी बघून सांगितलं, सव्वाचार आहे. एकराचे गुंठे ४०. वीस आणि तीस पन्नास, म्हणजे एक एकर दहा गुंठे, म्हणजे एकूण ४ एकर १० गुंठे. त्यात मग कागलकडचा ०.८० हेक्टर तसाच मिसळलेला. तिथं टिंबानंतरचे आर असतात, आणि हेक्टरचे आर १००.

कम्पायलर गप्प होता. डबल अधिक डबल, त्याला यात वावगं काहीच नाही. टाइप जुळत होते, मापं जुळत नव्हती. दोष कम्पायलरचा कसा म्हणायचा? आपण त्याला सांगितलंच नव्हतं की हे दोन वेगळे प्रकार आहेत.

म्हणून दोन रेकॉर्ड, म्हणजे आपले स्वतःचे छोटे टाइप, केले. रेकॉर्ड जावा १६ पासून, म्हणजे २०२१ पासून पक्के आले, एका ओळीत होतात:

रेकॉर्ड गुंठे(इंट किती) {}
रेकॉर्ड आर(इंट किती) {}

२ एकर २० गुंठे म्हणजे गुंठे १००. कागलचा तुकडा म्हणजे आर ८०. एकर-गुंठ्याचं लिहिणं-वाचणं फक्त दोन मेथडमध्ये, आत येताना आणि छापताना. आरचं गुंठ्यात रूपांतर एकाच जागी: एक आर १०० चौरस मीटर, एक गुंठा साधारण १०१.१७. दोन्ही इतके जवळचे आहेत की चूक नजरेला कळतच नाही, म्हणून तर धोका. तिथं उत्तर दशांशात येतं आणि गुंठे इंट आहेत, म्हणून त्या एका ओळीत आम्ही राउंड करून मुद्दाम कास्ट घातली आणि शेजारी कारण लिहिलं.

मग जुना कोड या नव्या टाइपांवर आणला आणि कम्पाइल केला. लाल, लाल, लाल. 'आर कॅनॉट बी कन्व्हर्टेड टू गुंठे.' 'बॅड ऑपरंड टाइप्स.' मुलगा घाबरला, "सर, आधी चालूलालं की ओ!" चालत होतं, खरंय. आता प्रत्येक लाल ओळ म्हणजे जिथं सातबारा आणि पहाणी एकत्र कालवले होते ती जागा. आम्ही वरून एकेक घेत गेलो. एकाही जागी कास्टनं भागलं नसतं, कारण आरवर गुंठ्याची कास्ट जावा घेतच नाही.

नऊ वाजता शेवटची एक राहिली. तुकडे क्षेत्रानुसार लावायची मेथड, दोन डबल घेऊन मोठा कुठला ते सांगणारी. ती मुलानं लिहिलेली नव्हती. मागच्या वर्षी वर्गात मीच दिली होती.